डोंगर कापून खाडी भरताना

कौटिल्याने अर्थशास्त्रात सीताध्यक्षाची, म्हणजे राज्याच्या शेतीची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना निरनिराळ्या प्रदेशांत किती पाऊस पडतो याचे आकडे दिले आहेत. अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण. अपरान्ताची, म्हणजे आपल्या कोकणाची, पाळी आली की मात्र त्याचे माप थांबते. तेथे तो ‘अमित’ एवढेच म्हणतो. कर किती घ्यावा, कालवा कोठे काढावा, बी केव्हा पेरावे याचा हिशेब मांडणाऱ्या त्या काटेकोर माणसाने हा शब्द काव्य म्हणून योजलेला नाही. या प्रदेशाला देशावरचे ठोकताळे लागू पडत नाहीत, ही प्रशासकाला दिलेली सूचना आहे. आजच्या शासनव्यवस्थेत ती कोणाच्या टेबलापर्यंत पोहोचली आहे, असा प्रश्न रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके पाहिले की पडतो.

पेण म्हटले की महाराष्ट्राला गणेशमूर्ती आणि पापड आठवतात. रोहा म्हटले की चिंतामणराव देशमुख आणि पांडुरंगशास्त्री आठवले यांची नावे ओठांवर येतात. विनोबांचे जन्मगाव गागोदे हेही पेण तालुक्यातलेच. ज्या माणसाने पुढे देशभर पायी फिरून भूमी मागितली, त्याच्या तालुक्यात भूमीचा प्रश्न आज अगदी वेगळ्या रूपात उभा आहे. भूमी कोणाची, हा वाद जुनाच आहे. भूमी कशी आहे, ती काय पेलू शकते आणि काय पेलू शकत नाही, हे मात्र आपण तिला कधी विचारलेच नाही.

पेणच्या पूर्वेला महलमिऱ्याचा डोंगर आहे. तेथून एखाद्या स्वच्छ सकाळी पश्चिमेकडे पाहिले म्हणजे या प्रदेशाची सारी रचना एका नजरेत येते. पाठीशी सह्याद्रीची रांग, पायाशी डोंगरउतार आणि त्यावर विखुरलेल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. मग भातखाचरांची अरुंद खोरी. आणि त्यापलीकडे पार धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेला सपाट खारेपाट. भोगावती पेण शहराला वळसा घालून त्या खाडीकडे जाते. दक्षिणेकडे अंबा नदी पाली-नागोठण्यावरून येऊन याच खाडीला मिळते. आणखी दक्षिणेला कुंडलिका कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याकडे निघते. सह्याद्रीचा माथा ते समुद्र हे सरळ अंतर येथे पन्नास-साठ किलोमीटर. सुमारे तीन मीटर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत, एवढ्याशा अंतरातून खाली उतरायचा असतो.

जमिनीचे रूप असे का झाले, उतार कशाने घडला, नदीने वळण कोठे घेतले, गाळ कोठे टाकला आणि उद्या ती काय करील, याचा विचार करणाऱ्या शास्त्राला भूरूपशास्त्र म्हणतात. आम्ही कला शाखेचे पदवीधर. भूगोलाच्या तासाला नदीच्या बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य या अवस्था घोकल्या आणि परीक्षा संपताच विसरलो. कोकणातल्या नद्यांचे मोठे वैशिष्ट्य तेव्हा कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. या नद्यांना गंगेसारखे संथ वार्धक्य लाभतच नाही. त्या डोंगरावरून धावत येतात आणि थेट भरतीच्या तोंडी पडतात. वरून पूर आणि खालून भरती असा तो सामना असतो. उधाणाच्या भरतीची वेळ आणि मुसळधार पावसाची वेळ एक झाली की नदीचे पाणी खाडीत उतरत नाही. ते मागे तुंबते आणि नागोठणे, पेण, रोहा यांच्या रस्त्यांवर येते. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाड्यात जो संहार केला, तो विसरलेली माणसे सुधागड-नागोठण्याच्या परिसरात आजही सापडणार नाहीत.

महाराष्ट्रात या शास्त्राचे जाणकार नाहीत असे नाही. प्रा. के. आर. दीक्षितांपासून प्रा. विश्वास काळे आणि डॉ. श्रीकांत कार्लेकरांपर्यंत अनेकांनी सह्याद्री, येथील नद्या आणि कोकणकिनारा यांच्या अभ्यासात आयुष्ये घालवली. डॉ. कार्लेकरांनी तर तो विषय मराठी वाचकापर्यंत आणला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ज्ञान आहे, तहसील कचेरीत अधिकार आहे आणि बांधावर अनुभव आहे. या तिघांची भेट होत नाही, हे खरे दुखणे आहे.

बांधावरचा अनुभव किती सखोल असतो, हे पाहायचे तर खारेपाटात जावे. पेणच्या वाशी, वढाव, शिर्कीकडची शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. समुद्र आणि भात यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ चिखलमातीचा बांध. त्या बांधात उघाडी असते, म्हणजे एकाच दिशेने उघडणारे दार. ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर पडते आणि भरती चढली की दार आपल्याआप मिटते. ही रचना कोणा परदेशी अभियंत्याने आणून दिलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मराठी राजवटीत, या खाडीकाठी शिलोत्राची पद्धत रूढ झाली. ऐपतदार शिलोत्रदाराने बाहेरचा मोठा बांध घालायचा व कायम राखायचा आणि त्याबद्दल कसणाऱ्याने त्याला बिघ्यामागे मणभर भात द्यायचे, असा तो करार होता. त्यात जमीनदारीचे दोष होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बांध फुटला तर कोणाचे दार ठोठवायचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर कूळ कायदा आला. कसणारा मालक झाला, ते न्याय्यच झाले. मात्र बाहेरच्या बांधाची जबाबदारी त्या व्यवहारात निराधार झाली. १९४८ च्या आणि त्यानंतर १९७९ च्या खारभूमी कायद्याने ती शासनाकडे आली आणि तिचे एक खाते झाले. खाते म्हटले की अंदाजपत्रक आले, निविदा आली, पावसाळ्यापूर्वी न होणारे आणि पावसाळ्यात वाहून जाणारे काम आले. पूर्वी खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की त्याच ओहोटीत गाव टोपल्या-फावडी घेऊन उतरत असे. आज अर्ज उतरतो.

वढावच्या बाजूला एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला जे सांगितले, ते अभ्यासक्रमात लावावे असे होते. तो म्हणाला, “बांधाच्या भायेर गाळ चढतो, आतलं शेत चढत नाय. आज्याच्या वख्ताला दोन्ही बराबर होतं. आता आमी खाली, खाडी वर.” भूरूपशास्त्र दुसरे काय सांगते? बंदिस्ती केली की खाडीचा गाळ आतल्या जमिनीवर पडणे थांबते. बाहेरचा चिखल मात्र वर्षानुवर्षे चढत राहतो. वरच्या अंगाला डोंगर खणले गेले की पावसाबरोबर येणारा गाळ वाढतो आणि ही चढण अधिक वेगाने होते. उघाडीच्या तोंडाशी गाळ बसला की दार पुरते उघडत नाही आणि पुरते मिटतही नाही. मग खारे पाणी आत झिरपते, भात जळते आणि दोष बियाण्याला दिला जातो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारी भाताची वाणे विकसित केली, हे मोठे काम आहे. पण उभ्या शेतात खाडी शिरली तर कोणतेही वाण काय करणार?

याच प्रश्नाचा एक विचित्र पैलू शहरी पर्यावरणप्रेमींच्या फारसा ध्यानी येत नाही. खांड वेळीच बांधली नाही की भरतीबरोबर तिवरांचे बी आत येते आणि चार-पाच वर्षांत शेताचे कांदळवन होते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने ते अधिक भक्कम केले आहे, आणि ते योग्यच आहे. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मारा स्वतःवर झेलतात. ती तोडणारा आपल्याच बांधाचे चिलखत काढून फेकतो. परंतु खात्याच्या दिरंगाईने ज्याचे शेत बुडाले, त्याच्याच सातबाऱ्यावरच्या जमिनीत आता त्याला कोयताही लावता येत नाही. बांधाबाहेरचे कांदळवन आणि बांधाआतले कांदळवन यांचा जन्म वेगळा आहे. हा फरक उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. तो जमिनीच्या इतिहासात दिसतो आणि तो वाचणारे शास्त्र प्रशासनाने कामाला लावलेले नाही. खाडीतून जाणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध ढासळतात, अशी तक्रार काठावरचे शेतकरी करतात. तिचीही शहानिशा मोजमापाने करता येते. लाट किती उंचीची, बांधाची धूप वर्षाला किती, हे पाहायला एक पावसाळा आणि काही खुंट पुरतात.

आता रोह्याकडे वळू. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, याचे बाहेरून येणाऱ्याला कौतुक वाटते. कोलाडला रबरी तराफ्यांतून उसळत्या पाण्यावर स्वार होणाऱ्या तरुणांना ते पाणी कोठून येते याची कल्पना असतेच असे नाही. ते मुळशीचे पाणी आहे. मुळा नदी ही भीमेच्या खोऱ्यातली. तिचे पाणी निसर्गनियमाने हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळायचे. टाटांनी मुळशीला ते अडवले, सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले आणि १९२७ पासून ते कुंडलिकेत येऊ लागले. त्या धरणात ज्यांची गावे गेली, त्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह आरंभला आणि सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला. म्हणजे रोह्याच्या नदीचे बारमाही असणे ही मुळशीकरांच्या त्यागाची देणगी आहे. रोह्याच्या शाळांत हे शिकवले जाते का, कोण जाणे.

एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात सोडले की नदी नवा स्वभाव धरते. वीजनिर्मितीच्या वेळेनुसार पात्र भरते आणि उतरते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर शेती, कारखाने आणि पिण्याच्या पाण्याच्या योजना उभ्या राहतात. खालच्या अंगाला हे गोडे पाणी खाडीच्या खारटपणाला मागे रेटून धरते. शंभर वर्षांत सारे खोरे या उसन्या पाण्यावर बेतले गेले. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी पुण्याच्या बाजूने वेळोवेळी होते. पुण्याची तहान खोटी नाही. पण त्या मागणीवर निर्णय घेताना भिऱ्याखालची कुंडलिका वैशाखात कशी दिसेल, खारे पाणी किती वर चढेल, रोह्याच्या खालच्या विहिरींचे काय होईल, हे आधी मांडले गेले पाहिजे. नदी हा सरकारी नळ नाही की इकडचा बंद करून तिकडचा सोडावा.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीचे उदाहरणही असेच बोलके आहे. रसायनांचे कारखाने येथे आले, कारण पाणी मुबलक होते आणि सांडपाण्याला खाडी जवळ होती. प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने खाली आरे खुर्दच्या बाजूला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात नेऊन सोडण्याची व्यवस्था झाली. कागदावर गणित सुटले. खाडीत पडलेले पाणी मात्र त्याच दिवशी समुद्राला मिळत नाही. ओहोटीबरोबर ते काही अंतर खाली जाते आणि भरतीबरोबर त्यातले बरेचसे परत वर येते. मधल्या वळणांवर, जेथे प्रवाह मंदावतो तेथे, गाळ बसतो आणि गाळाबरोबर विषही बसते. जिताडा, कोळंबी, खेकडे यांवर संसार चालवणाऱ्या कोळी बांधवांना ती वळणे कोणती हे अचूक ठाऊक असते, कारण तेथेच त्यांची जाळी रिकामी येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. देशभरातल्या ३५१ पैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले निघाले आणि त्यांत कुंडलिकेचेही नाव होते. केवळ प्रक्रियेचे निकष कडक करून हे सुटणारे नाही. सांडपाणी सोडायचे तर ते ओहोटी लागल्यावर सोडावे, भरतीत नळ बंद असावा, आणि मुखाची जागा खाडीच्या वळणांचा अभ्यास करून ठरवावी. यात अवघड असे काय आहे? भरती-ओहोटीचे वेळापत्रक कोळ्याच्या घरी तिथीवरून पाठ असते.

उद्योग नदीपासून किती अंतरावर असावेत, हे सांगणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरण महाराष्ट्राने २००० साली आणले होते. ते फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झाले. त्या धोरणात दोष होते. नदी कशीही असो, अंतर ठरावीक किलोमीटरांत मोजायचे, हा मोठाच दोष. कोकणातल्या उतारावर अर्ध्या किलोमीटरचे अंतर आणि देशावरच्या पठारावर अर्ध्या किलोमीटरचे अंतर यांचा अर्थ एक नसतो. परंतु दोष काढण्याऐवजी धोरणच काढून टाकले गेले, आणि ते केल्याचे आम्हाला समर्थन करता येत नाही.

तिसरा भाग उताराचा, आणि तो जिवावरचा आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्याआधी २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये गाडले गेले आणि त्याहीआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते. इर्शाळवाडीनंतर शासनाने विधिमंडळात सांगितले की, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. हे विधान खरे होते आणि म्हणूनच ते भयंकर होते. रायगड जिल्ह्यात अशा शंभराहून अधिक गावांची यादी होती. तीत ही वाडी नव्हती. डोंगराला यादी वाचता येत नाही.

यादी गावांची असते. दरड उताराची असते. आपल्या महसुली व्यवस्थेत गाव हे एकक आहे आणि वाडी ही त्याची शेपटी. वनवासी बांधवांच्या वाड्या नेमक्या उतारावर असतात, कारण सपाट जमीन त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभर भूस्खलनप्रवणतेचे नकाशे करण्याचे मोठे काम हाती घेतले, परंतु त्यांचे प्रमाण एकास पन्नास हजार आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाचशे मीटर होतो. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरांत मावते. जिल्ह्याचे धोरण ठरवायला तो नकाशा उपयोगी आहे. अमुक वाडीतली वरची दहा घरे आज रात्री हलवायची की नाही, हे त्यावरून ठरत नाही. गावठाणातल्या मिळकतींच्या मोजणीसाठी ड्रोन गावोगावी फिरले. तोच ड्रोन वाडीमागच्या उतारावरून फिरवायला कोणती अडचण आहे?

सह्याद्रीचा काळा कातळ घट्ट असतो. त्यावर शतकानुशतकांच्या झिजेने झालेला मुरूम आणि माती यांचा थर असतो. अतिवृष्टीत पाणी थरातून झिरपून कातळापाशी अडते, थर जड होतो आणि खालचा आधार सुटला की घसरतो. पायथ्याशी रस्त्यासाठी किंवा घरासाठी उतार उभा कापला असेल तर हे काम सोपे होते. लक्षणे आधी दिसतात. उतारावर अर्धचंद्राकार भेगा पडतात, झाडे आणि विजेचे खांब कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नसलेल्या ठिकाणी झरा फुटतो, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागतात. ही पाच लक्षणे वाडीतल्या प्रत्येक मुलाला सांगता येतील. दरड कोसळल्यावर चिखलात उतरून मदतकार्य करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. तळियेत आणि इर्शाळवाडीत ते दिसले. तेच हात ज्येष्ठ महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसाआधी, उतारावर फिरून भेगा शोधू लागले तर श्रावणात खोरी-पहार कमी लागेल.

अशक्य काहीच नाही, याचे उदाहरण रोह्यातूनच सुरू होते. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून दक्षिणेकडे निघतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला महाडजवळ करंजाडी येथे दरडींमुळे गाड्या घसरल्या, माणसे गेली. त्यानंतर कोकण रेल्वेने कापलेले उतार पसरट केले, धोक्याच्या ठिकाणी पोलादी जाळ्या घातल्या, पावसाळ्यात वेग उतरवला आणि रात्रंदिवस गस्त ठेवली. दरडी त्यानंतरही पडल्या, परंतु तसा संहार पुन्हा झाला नाही. कारण त्या मार्गावर प्रत्येक उताराला क्रमांक आहे आणि त्याची जबाबदारी कोणाकडे तरी आहे. रुळाशेजारच्या उताराला जे मिळते ते वाडीमागच्या उताराला का मिळू नये?

हे सारे आजच मांडण्याचे कारण नकाशावर आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला आणि मुंबईपासून पेण हाकेच्या अंतरावर आले. त्याच वर्षी मार्चमध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्राला लोक ‘तिसरी मुंबई’ म्हणू लागले आहेत. विकासाला विरोध करण्याचा आमचा पिंड नाही. कोकणच्या तरुणाने गिरगाव-परळच्या खोल्यांत आयुष्य काढण्यापेक्षा त्याच्या गावाजवळ रोजगार यावा, असेच आम्हाला वाटते. प्रश्न आहे तो नगर कोणत्या जमिनीवर आणि कसे उभे राहणार, हा.

खाडीकाठची जमीन सखल आहे. तेथे वसाहत करायची तर भराव हवा. भरावाला मुरूम हवा. मुरूम डोंगरात आहे. म्हणजे डोंगर कापायचा आणि खाडी भरायची. कापलेला उतार पावसात घसरतो, त्याचा गाळ ओढ्यात येतो, ओढ्याची तोंडे भरावाने बुजलेली असतात, आणि भरून उंच केलेल्या जागेवरचे पाणी शेजारच्या जुन्या गावात उतरते. नव्या वसाहतीत पाणी शिरले नाही म्हणून अभियंता समाधानी. जुन्या गावाला कधी नव्हे तो पूर आला म्हणून लोक चकित. डोंगर खणण्याची परवानगी गौण खनिजाच्या फाइलवर मिळते, भरावाची दुसऱ्या फाइलवर, मोरीच्या रुंदीचा निर्णय रस्त्याच्या खात्यात आणि बांधाचा खारभूमीच्या. चार फाइलींतून वाहणारे पाणी एकच असते. उलव्याजवळ विमानतळासाठी डोंगर सपाट करून नदीचा प्रवाह वळवला गेला. त्या एका प्रकल्पासाठी पाण्याचा स्वतंत्र अभ्यास तरी झाला. गावोगावी जे शेकडो छोटे भराव पडतात, त्यांचा अभ्यास कोणी करत नाही, आणि बहुतेक पूर या छोट्या भरावांच्या बेरजेतून येतात.

पेणला या बाबतीत जुना अनुभव आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन मागितली गेली, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला. बहुसंख्यांनी जमीन देण्यास नकार दिल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले आणि प्रकल्प पुढे बारगळला. त्या वेळचा शेतकऱ्यांचा युक्तिवाद साधा होता. धरण आमच्या तालुक्यात, त्याचे पाणी कालव्याने आमच्या शेतात यायचे होते. ते येण्याआधीच शेत मागता कसे? आज हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि वाशी-शिर्कीच्या खारेपाटात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो. गाय दोहताना वासराचा वाटा राखायचा, हा आपल्या घराघरातला नियम. धरण दोहताना तो कोण विसरले?

म्हणून नवनगराच्या आराखड्याआधी भूमीचा आराखडा झाला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यापासून खाडीपर्यंत भोगावती, अंबा आणि कुंडलिका यांची खोरी सलग धरून, गट क्रमांकाच्या प्रमाणावर नकाशे व्हावेत. त्यांत उतार किती, थर किती जाड, जुने ओढे कोठून वाहत, पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा कोठे, खारजमीन भरतीपेक्षा किती खाली, हे सारे असावे. खोदण्याची आणि भरण्याची परवानगी त्या एकाच नकाशावर ठेवून एकत्र तपासली जावी. नकाशा मराठीत असावा आणि तलाठ्याच्या कपाटात न राहता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. मनुष्यबळाची चिंता करू नये. पेण-रोह्याच्या महाविद्यालयांत भूगोल शिकणारी मुले-मुली आहेत, बांध ओळखणारे वृद्ध शेतकरी आहेत, वळणे ओळखणारे कोळी आहेत. या तिघांना विद्यापीठातल्या जाणकारांबरोबर एका पावसाळ्यात बसवले तर निम्मा नकाशा तयार होईल. खर्च म्हणाल तर एका उड्डाणपुलाच्या खांबाएवढाही येणार नाही.

पेणच्या कारखान्यांत गणपतीची लगबग सुरू झाली की शाडूचे ढीग दिसतात. तो शाडू गुजरातेतून येतो. कारागीर त्याला हात लावण्याआधी पाणी घालून पाहतो. माती किती ओढते, किती सुकते, कोठे तडा धरते. मूर्तीचा आकार त्यानंतर ठरतो. नवनगराच्या रचनाकारांनी पेणला यायचे ठरवलेच आहे, तर एक दिवस त्या कारखान्यात घालवावा. आणि पेण तालुक्यातील जी गावे या १२४ मध्ये आली आहेत, त्यांच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत एक ठराव करून ठेवावा: आमच्या गावाचा उतार-ओढ्यांचा नकाशा भिंतीवर लागेपर्यंत भरावाचा पहिला डंपर गावात येणार नाही.